सातबाऱ्यावर पडीक

माझं अक्षर चांगलं होतं म्हणून मला टंचाई शाखेत बसवलं. मला कन्नड येतं हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं आणि मीही होऊन कधी सांगितलं नव्हतं. सोलापुरात भवानी पेठेतल्या आमच्या घरी चुलीपाशी कन्नड चालायचं आणि पुढच्या दुकानात मराठी. वडील सुतळी, दोरखंड, सुपं, चाळण्या असं काही विकत. गिऱ्हाईक पायरीवर आलं की बोलता बोलता भाषा बदलायची सवय आम्हा सगळ्यांनाच होती. पण कलेक्टर कचेरीत मी फक्त मराठीची होऊन गेले होते. कन्नड ही घरात नेसायची जुनी साडी, ती नेसून कुणी ऑफिसला जात नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं.

ज्याला आमच्याकडे अजूनही नुसतं ‘बहात्तर’ म्हणतात, त्या दुष्काळातला तो उन्हाळा. वर्ष खरं तर त्र्याहत्तर लागलं होतं. मी बावीस वर्षांची होते आणि शाखेतल्या कारकुनांत एकटी बाई. सकाळी कुलूप निघालं की फोन सुरू व्हायचा. अमक्या गावची विहीर आटली, तमक्या गावी टँकर पोचला नाही, खडी फोडायच्या कामावर पोरं तापानं फणफणलीत, कामावर वाटायच्या सुकडीची पोती भिजली. लहानपणी मला वाटायचं, कलेक्टर म्हणजे झेंडावंदनाला येणारा माणूस. जिल्हा चालवायचा म्हणजे काय करायचं, हे मला त्या फोनपाशी बसून हळूहळू उमगत गेलं. कुणीतरी कुठूनतरी, काहीतरी नाही म्हणून सांगत असतं, आणि ते सांगणं फिरत फिरत एका टेबलावर येऊन थांबतं. त्या टेबलापुढं मग दुसरं टेबल नसतं.

आमचे अव्वल कारकून मोठे टापटिपीचे गृहस्थ. त्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती थोडक्यात लिहिण्याची. ‘‘बाई, साहेबांना दिवसाकाठी असे शंभर कागद बघायचे असतात. चार ओळींचा मजकूर एका ओळीत आला पाहिजे.’’ मी ते पटकन शिकले. इतकी शिकले, की गाऱ्हाण्यातलं रडगाणं काढून टाकून नेमकं तेवढं ठेवायचं यात मला अभिमान वाटायला लागला.

एके दिवशी सकाळी अक्कलकोट तहसिलीतून निरोप आला. तालुक्याच्या दक्षिणेला, कर्नाटकच्या हद्दीजवळच्या एका गावी रस्त्याचं दुष्काळी काम चालू होतं. तिथल्या मजुरांनी संप केलाय, आखणीला त्यांचा विरोध आहे, काम बंद करून मजूर दुसऱ्या कामावर पाठवायला परवानगी मिळावी, असा तो निरोप. मी रोजच्या टिपणात लिहिलं: ‘मजुरांची नाराजी. काम तात्पुरते स्थगित करण्याचा प्रस्ताव.’

टंचाईचं काम बघणारे डेप्युटी कलेक्टर आमच्या खोलीत सहसा येत नसत. त्या दिवशी टिपण हातात घेऊन ते दारात उभे राहिले. निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती त्यांची. कारकुनीपासून चढत चढत वर आलेले, नागपूरकडचे. खोकल्याचा त्रास असल्यामुळं खिशात कायम सुंठेचा तुकडा.

‘‘हे कोणी लिहिलं?’’

मी उभी राहिले.

‘‘नाराजी म्हणजे काय हो? अशा दिवसांत हाताला काम असताना माणूस नाराज होऊन टिकाव खाली ठेवत नाही. काय झालंय तिथं?’’

मला सांगता येईना. मला तेवढंच आलं होतं आणि त्यातलंही मी निम्मं कापलं होतं. साहेबांनी तिथूनच अक्कलकोटला फोन लावला. तहसीलदार फिरतीवर होते. फोनवरचा कारकून म्हणाला, कामावर बहुतेक बायका आहेत, त्या कन्नडच बोलतात, तिथल्या ओव्हरसियरला त्यांचं समजत नाही आणि त्यांना त्याचं. साहेबांनी फोन ठेवला आणि खोलीभर नजर फिरवली. ‘‘इथं कन्नड कुणाला येतं?’’

कुणी बोललं नाही. मीही नाही. अव्वल कारकुनांनी मात्र चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. आमच्या दुकानातून त्यांनी मागं कधीतरी बाजेची सुतळी नेली होती आणि आतल्या दारातून आईशी चाललेलं आमचं बोलणं ऐकलं होतं. ‘‘ह्या बाईंना येतं की,’’ ते म्हणाले.

निघायच्या आधी मी शिपायाबरोबर दुकानात निरोप धाडला. वडील स्वतःच कचेरीच्या फाटकाशी आले. जीपकडं, ड्रायव्हरकडं, साहेबांच्या पिकल्या केसांकडं त्यांनी नीट पाहून घेतलं. मग मला बाजूला घेऊन कन्नडमध्ये म्हणाले, ‘‘आवाज खाली ठेव. साहेबांपुढं वावगं काही जाऊ देऊ नको.’’ दुकानावर कुठलाही इन्स्पेक्टर आला की ते स्वतः असेच वागत. मी मान हलवली.

अक्कलकोट मागं पडलं तसा डांबरी रस्ता संपला. दोन्ही बाजूला काळी रानं भेगाळून पडलेली. साहेबांनी एकदाच मागं वळून विचारलं, ‘‘घरी कोणती भाषा बोलता तुम्ही?’’

‘‘मराठी,’’ मी म्हणाले. आणि थोड्या वेळानं, ‘‘दोन्ही.’’

कामाच्या जागी पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. अर्धा झालेला रस्ता मुरमाच्या पट्ट्यासारखा येऊन एका ठिकाणी तुटल्यासारखा थांबला होता. तिथून पुढं जमिनीवर पांढऱ्या फक्कीच्या दोन रेघा आखलेल्या. रेघा सरळ जाऊन एका उंचवट्यावर चढत होत्या. त्या उंचवट्याच्या अलीकडं, ऐन रेघांच्या मधोमध, बायका बसलेल्या. शेजारी टिकाव, फावडी, पाट्या नीट रचून ठेवलेल्या होत्या. आरडाओरडा नव्हता, घोषणा नव्हत्या. एकीच्या मांडीवर मूल झोपलं होतं.

ओव्हरसियर धावत आला. तरुण पोरगा, उन्हानं रापलेला आणि घाबरलेला. ‘‘साहेब, तीन दिवस झाले. मी समजावून थकलो. जागा सरकारी आहे, पडीक आहे. नकाशा बघा. कुणाच्या मालकीची नाही, तरी उठत नाहीत.’’

त्यानं जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला. गावचे तलाठीही दप्तर काखेत धरून आले होते. त्यांनी सातबारा दाखवला. रेघा जात होत्या त्या गटापुढं लिहिलं होतं, ‘सरकारी पडीक’.

मी त्या उंचवट्याकडं पाहिलं. लांबून नुसते दगडगोटे आणि काटेरी झुडपं दिसत होती. मग त्या दगडांची मांडणी ध्यानात आली. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत, बसवून पुरतात. सोलापुरात आजोबांच्या समाधीवर दर वर्षी फुलं वाहायला आम्ही जात असू. तिथं ओळखू येईलसा चबुतरा होता. इथल्या लोकांना चबुतरा बांधणं कुठलं परवडायला. मातीची रास, भोवती दगड, एखाद्या राशीवर मातीची फुटकी पणती. बस. मापाच्या साखळ्या घेऊन आलेल्या कुणाला तरी ते कधीकाळी पडीक दिसलं होतं, आणि त्यानं तसं लिहिलं होतं.

बायकांच्या पुढं एक म्हातारी बसली होती. सगळ्या तिला ‘अव्वा’, म्हणजे आई, म्हणत होत्या. अंगानं काटकुळी, कपाळावर विभूतीचे पट्टे, हाताला मुरमानं पडलेल्या भेगा. म्हणजे तीही कामावरच होती. मी जवळ जाऊन कन्नडमध्ये म्हटलं, ‘‘अव्वा, सोलापूरहून साहेब आलेत. तुमचं काय आहे ते सांगा. मी त्यांना मराठीत सांगते.’’

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘‘कुणाची गं तू?’’ तिनं विचारलं. मी भवानी पेठ सांगितली, वडिलांचा धंदा सांगितला. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग ती बोलायला लागली ती थांबेचना. साहेब पुढं वाकून ऐकत होते, जणू नीट ऐकलं तर त्यांनाही ते कळणार होतं.

ती थांबल्यावर मी म्हणाले, ‘‘साहेब, ह्या म्हणतात, ही त्यांची दफनाची जागा आहे. इथं त्यांची माणसं आहेत. रस्ता इथून नेऊ नये अशी त्यांची विनंती आहे.’’

साहेब माझ्याकडं बघत राहिले. ‘‘बाई, त्या इतका वेळ बोलल्या. तुम्ही तीन वाक्यांत संपवलंत?’’

‘‘मतलब तोच आहे साहेब.’’

‘‘मतलब मी काढीन. तुम्ही शब्दाला शब्द सांगा. विनंती म्हणाल्या का त्या?’’

ती विनंती नव्हतीच. वडिलांचे शब्द एकीकडं आणि समोर हे. मी अव्वाला म्हटलं, ‘‘साहेबांना सगळं ऐकायचंय. जसंच्या तसं.’’

‘‘मग सांग की,’’ ती म्हणाली. ‘‘मी काय गुपित बोलले?’’

मी जमिनीकडं बघत सांगायला लागले. ‘‘त्या म्हणतात, हा माणूस खुर्चीवरून उठून उन्हात आला, तेवढं बरं केलं. ह्या आधी एकही आला नाही. त्या म्हणतात, इथं माझा नवरा आहे, दोन पोरं आहेत, सासू आहे. दर अमावास्येला मी दिवा लावते. हे पडीक आहे असं कुणी लिहिलं, त्याला माझ्यापुढं आणा. पोटाला नाही म्हणून आम्ही टिकाव हातात घेतला. सहा महिने खडी फोडली, कधी उशिरा आलो नाही. पण पोटासाठी कुणी आपल्या माणसाच्या डोक्यात टिकाव घालत नाही.’’

इथं मी थांबले.

‘‘अजून?’’ साहेब म्हणाले.

‘‘त्या म्हणतात…’’ मी पदर सावरला. ‘‘त्या म्हणतात, ह्या साहेबाला विचार, त्याची आई कुठं ठेवलीय ते त्याला ठाऊक आहे का. ठाऊक असेल तर आधी तिथं टिकाव मार म्हणावं. मग आम्ही इथं मारतो.’’

ओव्हरसियरनं ‘ए म्हातारे’ म्हणून पाऊल पुढं टाकलं. साहेबांनी हात आडवा केला. मला वाटलं, आता संपलं. माझी नोकरीही संपली. साहेबांनी खिशातून सुंठेचा तुकडा काढला, तो तोंडात न टाकताच बोटांत फिरवत राहिले.

‘‘सांगा त्यांना,’’ ते शेवटी म्हणाले, ‘‘मला ठाऊक नाही. माझी आई गेली तेव्हा मी ड्यूटीवर होतो, दुसऱ्या जिल्ह्यात. पोचेपर्यंत भावांनी सगळं उरकलं होतं. आमच्यात जाळतात. जागा अशी राहत नाही.’’

मी सांगितलं. ह्या वेळी काही गाळलं नाही. अव्वा त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं आपल्या शेजारची फावडी बाजूला सारली आणि जमिनीवर हात थोपटून म्हणाली, ‘‘बस म्हणावं. उन्हात उभा कशाला.’’

डेप्युटी कलेक्टर त्या दोन रेघांच्या मधे मुरमावर खाली बसले. थोड्या वेळानं अव्वा उठली आणि त्यांना घेऊन उंचवट्यावर गेली. मागं मी, माझ्यामागं तलाठी. ती एकेका राशीपाशी थांबून नाव सांगायची, कुणाची कोण ते सांगायची, मी मराठीत सांगायची. काही ठिकाणी तिला नाव आठवेना, तेव्हा खालून दुसरी कुणी ओरडून सांगे. साहेबांनी तलाठ्यांना विचारलं, ‘‘तुम्ही इथं किती वर्षं आहात?’’

‘‘चार, साहेब.’’

‘‘दफन होताना पाहिलंय?’’

‘‘पाहिलंय साहेब. पण दप्तरात आधीपासून पडीकच लागलंय. मी कसं बदलणार?’’

त्या तलाठ्यांचा मला राग आला होता. आज येत नाही. त्यांच्या हातात जे आलं ते त्यांनी तसंच पुढं नेलं, आणि मी तरी माझ्या टेबलावर दुसरं काय करत होते? गावातल्या बायका तीन दिवस आपली माणसं राखत बसल्या होत्या. ओव्हरसियरनं त्याचा संप केला, तहसिलीनं विरोध केला, मी नाराजी केली. आणखी एक टेबल असतं तर त्याचं काहीच उरलं नसतं.

खरी अडचण पुढंच होती. रस्ता उंचवट्यावरून न्यायचा नाही हे साहेबांच्या मनानं घेतलं होतं, पण काम थांबवून चालणार नव्हतं. काम थांबलं की त्या सगळ्याजणींचं थांबलं. दुसरं काम आठ मैलांवर, अंगावर पिणारी पोरं घेऊन रोज तिथं जाणं शक्य नव्हतं. आणि आखणी बदलायची तर बांधकाम खात्याची मंजुरी हवी. तिला महिना लागेल का दोन, ते कुणी सांगू शकत नव्हतं. डाव्या अंगाला खोल ओढा. उजव्या अंगाला एक शेत.

त्या शेताचा मालक तिथंच होता. मघापासून तो बांधावर उभा राहून सगळं बघत होता, बायकांच्या बाजूनं अधूनमधून बोलतही होता. साहेबांनी नकाशावर बोट ठेवून त्याला विचारलं, ‘‘रस्ता ह्या बाजूनं घ्यायचा तर तुमच्या कडेचा पट्टा जाईल. द्याल?’’

त्याचा चेहरा उतरला. त्याला मराठी येत होतं. ‘‘साहेब, माझी पिकाची जमीन हाय. मी कुटं जाऊ? सरकारी हाय ती घ्या की.’’

बायका नुसत्या त्याच्याकडं बघायला लागल्या. त्या बघण्यात धाक नव्हता. त्याच्या घरचीही माणसं त्या उंचवट्यावर होती, अव्वानं मघाशी त्यांची नावं घेतली होती.

‘‘मोबदला मिळंल का?’’ त्यानं विचारलं.

‘‘मिळेल,’’ साहेब म्हणाले. ‘‘पण कधी ते मी सांगणार नाही. लवकर मिळेल असं आज म्हटलं तर ते खोटं होईल. मी तोवर इथं असेन असंही नाही.’’

मला वाटलं, एवढं खरं सांगायची काय गरज होती! असं सांगितल्यावर कोण देईल? तो शेतकरी खाली बसला, मातीचं एक ढेकूळ उचलून फोडलं, परत उठला. ‘‘बांधावरली चिंच ठेवा,’’ म्हणाला. ‘‘बाकीचं घ्या.’’ साहेबांनी ओव्हरसियरकडं पाहिलं. तो नकाशावर वाकला आणि म्हणाला, चिंच वाचवता येईल.

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून साहेबांनी आदेश मला सांगून लिहून घेतला. लोखंड इतकं तापलं होतं की मनगट टेकवत नव्हतं, म्हणून मी खाली साडीचा पदर दुमडून ठेवला. ‘आखणीत बदल करून काम उजव्या बाजूने आजपासून चालू ठेवावे. तांत्रिक मंजुरीचा प्रस्ताव नंतर सादर करण्यात यावा. या बदलाची जबाबदारी माझी राहील.’ शेवटचं वाक्य लिहिताना मी क्षणभर वर पाहिलं. कचेरीच्या कागदात ‘माझी’ हा शब्द मी तोवर पाहिला नव्हता. सगळं ‘करण्यात यावे’, ‘करण्यात आले’. करणारा कुणी नसायचाच.

ते मी मोठ्यानं कन्नडमध्ये वाचून दाखवलं. अव्वानं ऐकून घेतलं आणि पहिली उठली. तिनं टिकाव उचलून खांद्यावर घेतला. ओव्हरसियरनं पायानं जुनी फक्की पुसली.

निघताना एका मजूर बाईनं माझा हात धरला. ती मराठी बोलणारी होती, कुठल्या तरी शेजारच्या गावची. ‘‘बाई, तुमी लई भ्यालता न्हाय का?’’ ती हसून म्हणाली. मीही हसले. भ्यालेच होते. परत येताना साहेब मला रागावतील, निदान काही बोलतील म्हणून मी वाट बघत होते. अक्कलकोटला त्यांनी जीप थांबवायला सांगितली. चहा घेताना एवढंच म्हणाले, ‘‘आमच्यासारख्यांना खरं ऐकू येऊ नये म्हणून लोक किती काळजी घेतात बघा. तुम्हीसुद्धा.’’ ते टोचून बोलले नव्हते, पण मला ते फार दिवस पुरलं.

घरी वडिलांनी विचारलं, ‘‘सगळं नीट झालं?’’ मी त्यांना अव्वा काय बोलली ते सांगितलं. त्यांच्या हातातला सुतळीचा गुंडा तसाच राहिला. ‘‘आणि तू ते सांगितलंस? साहेबाला?’’ ‘‘सांगावं लागलं.’’ मग आईला हाक मारून कन्नडमध्ये म्हणाले, ‘‘ऐकलंस का, आपल्या पोरीनं काय केलं आज.’’ त्यात तक्रार होती का कौतुक, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

पुढं व्हायचं ते झालंच. पावसाळ्याच्या तोंडावर बांधकाम खात्याकडून विचारणा आली, की पूर्वमंजुरीशिवाय आखणी कुणी व का बदलली. खुलासा हवा होता. अव्वल कारकुनांनी मायेनंच सुचवलं, ‘‘साहेब, जागेवर ओव्हरसियरशी विचारविनिमय करून बदल केला, असं घालू. म्हणजे भार वाटला जाईल.’’

‘‘त्या पोराला कशाला त्यात ओढता?’’ साहेब म्हणाले. ‘‘मी बदलली असं लिहा. का, तेही लिहा. आणि आखणी मंजूर करताना जागा बघायला आमच्यापैकी कुणी गेलं नव्हतं, हे पण घाला. ते आमचं चुकलंच.’’

मसुदा मी केला. एका ओळीत बसवला नाही. चांगली दोन पानं झाली. अव्वल कारकुनांनी ती वाचली आणि पहिल्यांदाच काहीही न कापता सही केली.

त्या खुलाशाचं पुढं काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. काही महिन्यांनी साहेबांची बदली झाली. त्या वर्षी बदल्या बऱ्याच झाल्या होत्या, म्हणून ही त्या खुलाशामुळंच झाली असं म्हणायला मला आधार नाही. निरोपाच्या चहाला त्यांनी मला बोलावून सांगितलं, ‘‘रस्ता वळला, पण सातबाऱ्यावर अजून पडीकच आहे. उद्या कुणी विहीर काढायला येईल, परवा गोदाम बांधायला. तेवढं बघा.’’

तेवढं बघायला मला साडेतीन वर्षं लागली. जागेची दफनभूमी म्हणून नोंद व्हायची तर मोजणी हवी, ग्रामपंचायतीचा ठराव हवा, वहिवाटीचा पुरावा हवा. एकदा फाईल परत आली, शेरा होता: ‘कागदोपत्री पुरावा आढळत नाही.’ मला हसूही आलं आणि रडूही. मेलेल्यांनी कागद कुठून आणायचा? शेवटी जबाब घ्यायचं ठरलं आणि दोन्ही भाषा येणारी म्हणून मला पाठवलं. चावडीत बसून मी अकरा जणांचे जबाब घेतले. बोललेलं कन्नड, लिहिलेलं मराठी, मग परत कन्नडमध्ये वाचून दाखवून अंगठा. अव्वाचा जबाब सर्वात लांब झाला. तिनं त्यात सरकारला दोन ठिकाणी शिव्या दिल्या होत्या. मी विचारलं, ‘‘हे ठेवू का?’’ ती म्हणाली, ‘‘मी बोलले ना? मग ठेव.’’ मी ठेवल्या. वरच्या कुणीही त्यावर हरकत घेतली नाही. बहुधा कुणी तिथपर्यंत वाचलं नसावं, किंवा वाचून मनातल्या मनात मान्य केलं असावं.

नोंद झाली त्या आठवड्यात मी रजा टाकून, एस.टी.नं, स्वतःच्या हौसेनं त्या गावी गेले. पावसाची दोन बरी वर्षं मधे गेली होती. उतरून चालत निघाले तर रस्ता उंचवट्यापाशी उजवीकडं वळत होता, बांधावर चिंच उभी होती. शेतमालकाला मोबदला मिळाला का, हे मी विचारायला हवं होतं. धीर झाला नाही, विचारलं नाही. ते अजून मनाला लागून आहे.

अव्वा घरी होती. डोळ्यांनी अधू झाली होती, आवाजावरून तिनं मला ओळखलं. मी नवा उतारा तिच्या हातात दिला. ‘‘अव्वा, झालं. आता तिथं कुणाला काही करता यायचं नाही. सरकारच्या कागदावर आलं.’’

तिनं कागद चाचपून पाहिला, उलटा करून पाहिला आणि मला परत दिला.

‘‘तूच ठेव,’’ म्हणाली. ‘‘माझा माणूस कुठं आहे ते मला ठाऊकच होतं. ठाऊक नव्हतं ते तुम्हाला.’’

मी थोडी हिरमुसले, हे खरं. साडेतीन वर्षांच्या खटपटीनंतर निदान तिनं कागद देव्हाऱ्यापाशी ठेवावा असं मला वाटलं होतं. पण जसजसा विचार करत गेले तसतसं पटत गेलं. तो कागद तिच्यासाठी नव्हताच. तो आमच्यासाठी होता, आमच्यातल्या पुढच्या कुणीतरी रेघ मारायच्या आधी वाचावा म्हणून. पुढं मी बढती घेत घेत इतर शाखांत गेले, पण टेबलावर नकाशा आला की त्यावर काय लिहिलंय ते वाचून झाल्यावर मी विचारायची, तिथं राहणाऱ्या कुणाला विचारलंय का? कधी उत्तर मिळायचं. बऱ्याचदा लोक कंटाळायचे.

त्या दिवशी अव्वानं मला भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. ताटावरून उठते तोच ती म्हणाली, ‘‘आलीच आहेस तर ऐक. आमचं रेशनचं दुकान आठवड्यातून एकदाच उघडतंय, तेपण त्याच्या मनात येईल तेव्हा. वरती सांग.’’

‘‘अव्वा, मी आता त्या शाखेत नाही.’’

‘‘कचेरीत तर आहेस की,’’ ती म्हणाली. ‘‘लिहून घे. आणि माझ्याच शब्दांत लिही.’’

मी पिशवीतून पेन्सिल काढली.